गोडाची खुर्ची

४ फेब्रुवारी, मंगळवार

टाचणी माझीच होती! पितळी, बारीक डोक्याची. छापखान्यातून निवृत्त होताना डबीभर उचलून आणलेल्यांपैकी. कवितांची जुनी कात्रणं मी अजून त्यांनीच टाचतो. त्यातली एक कधी खाली पडली कोण जाणे. हिच्या तळव्यात घुसली आणि ही तशीच घरभर वावरली — स्वयंपाक केला, कपडे वाळत घातले, शेजारणीशी जिन्यात उभं राहून गप्पा मारल्या. पत्ताच नाही! पाय सुजला तेव्हा कळलं.

"अगं, पण टोचलं कसं नाही?"

"तुमचं बोलणं ऐकून ऐकून सवय झालीय. आता काही टोचत नाही."

सर्जननी ती चिमट्यात धरून उजेडात दाखवली. जखम आतून पिकलेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काळवंडलेलं. साखरेमुळे पायाच्या नसा मेल्यात म्हणाले, म्हणून दुखलं नाही. आणि साखर तीनशेच्या वर असली की जखम भरत नाही. जंतूंची मात्र चंगळ होते. आधी साखर खाली आणा, मग बघू.

"आणि नाही आली तर?"

त्यांनी हाताच्या कडेने स्वतःच्याच घोट्यावर आडवी रेघ ओढली. 

गाडीत बसल्यावर ही म्हणाली, "मेला रेघ काय मारतो, शिंप्यासारखा! कापड आहे का माझा पाय?" मग घर येईपर्यंत माझी बाही सोडली नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

टाचण्यांची डबी कचऱ्यात टाकली. उशिरा सुचलेलं शहाणपण.

६ फेब्रुवारी, गुरुवार

साखरेच्या डॉक्टरांकडे. तरुण आहेत, समजावून सांगतात. म्हणाले, आजींच्या शरीरात इन्सुलिन आहे, पण पेशी त्याचं ऐकत नाहीत. इन्सुलिन दारावर थाप मारतं, दार उघडत नाही, साखर रक्तातच रेंगाळते. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह तो हाच.

मला आमची जुनी चाळवजा इमारत आठवली. दुपारी पोस्टमन हाका मारून थकायचा, सगळी बिऱ्हाडं ढाराढूर. पत्रं जिन्यात पडून राहायची.

डॉक्टर म्हणाले, आता सुई सुरू करू. झालं! ही खुर्चीतून उठलीच. लंगडत.

"माझ्या दादाला सुई लावली आणि आठ दिवसांत गेला. सुई म्हणजे शेवट."

"आजी, सुईने नाही गेले ते. सुई उशिरा लावली म्हणून गेले."

"तेच ते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे. शेवटी गोळी दिली — रात्री जेवताना एक. ती थकलेल्या स्वादुपिंडाला चाबूक मारून आणखी इन्सुलिन काढते म्हणे. गोड संपूर्ण बंद. "पुढच्या खेपेला खाली दिसली नाही तर मी तुमचं ऐकणार नाही."

येताना ही म्हणाली, "तुम्ही का गप्प बसलात?" मी काय बोलणार? डॉक्टर बरोबर होते. पण घाबरलेलं माणूस माझं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज चोर पकडला! दुपारी डुलकी लागली होती. डब्याच्या झाकणाचा आवाज आला. स्वयंपाकघरात गेलो तर ही ओट्याला टेकून उभी, आणि वरच्या ओठाच्या लवेवर साखरेचे चार दाणे चमकत होते!

"काय करतेस?"

"मुंग्या लागल्यात का बघत होते."

"तोंडाने?"

हसली, आणि मग एकदम रडायला लागली. "सत्तरी उलटलीय. सगळं सोडलं. चिमूटभर साखरेनं काय होतंय!" चिमूट कसली, डबा अर्धा झालाय. आता कळलं साखर का उतरत नाही ते. लहान पोरीसारखी रडत होती. रागवायला गेलो होतो. पदराने तिचा ओठ पुसून परत आलो.

संध्याकाळी गच्चीत पाणी घालताना लेकीच्या वेलीकडे लक्ष गेलं. लेक — आमची चिमी — दूरच्या शहरात प्रयोगशाळेत असते, झाडापाल्यातून औषधं शोधते. मागे एका सुट्टीत तिने ही कुंडी आणली होती. गुडमार. गोडाला मारणारी! दिसायला अगदी सामान्य, पण पान चावून वर साखर खाल्ली की गोड लागतच नाही. तेव्हा आम्ही तिघांनी खाऊन बघितलं होतं. ही थू थू करत म्हणाली होती, "अगं बाई, ही तर वाळू!" किती हसलो होतो. वेल आता कठड्याभर पसरलीय, कुणी विचारत नाही.

पान तोडलं. चावलं. कडवट. मग डब्यातली चिमूट जिभेवर ठेवली. खरंच — वाळू!

१० फेब्रुवारी, सोमवार

चिमीला फोन. आईला हे पान दिलं तर चोरी थांबेल ना, विचारलं. आधी खूप हसली. मग सांगत बसली. ती कामाचं बोलायला लागली की मला तिचा शाळेतला आवाज ऐकू येतो. उतरवून ठेवतो.

"बाबा, जिभेवर गोडाची एक खुर्ची असते असं समजा. साखर येऊन तिच्यावर बसली की मेंदूला निरोप जातो — गोड! या पानातला रेणू साखरेसारखा दिसतो, पण साखर नसतो. तो आधीच जाऊन खुर्ची अडवतो. साखर येते, बसायला जागा नाही, तशीच पुढे जाते. निरोप नाही."

"म्हणजे तोतया!"

"हो, तोतया. तास-अर्ध्या तासाने आपणच उठून जातो. आमचा अंदाज असा की आतड्यातही तो साखरेच्या वाटेत आडवा बसतो, म्हणून रक्तात कमी साखर जाते. आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींनाही तो थोडा हलवतो, त्या जास्त इन्सुलिन सोडतात. पण हे सगळं उंदरांत हं! माणसांवरचे प्रयोग फार थोडे आहेत. माझ्याकडे उंदीर आहेत बाबा, आई नाही. जिभेपुरतं पान द्या. औषध म्हणून द्यायचं तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नाही. ते गोळ्यांच्या मात्रा त्याप्रमाणे बसवतील."

तोतया रेणू! छापखान्यात असं व्हायचं. खिळ्यांच्या खणात कुणीतरी दुसराच खिळा टाकून ठेवायचा. खिळे जुळवणारा जुळारी न बघता उचलायचा, आणि 'मन'चं 'मान' होऊन जायचं. मुद्रितं तपासताना मी ते पकडायचो. आयुष्यभर तेच केलं, तोतये पकडले. आता म्हातारपणी एक पाळतोय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हिने पान चावलं. डबा समोर ठेवला. चाखलं, तोंड वाकडं केलं, डबा माझ्याकडे सरकवला. "घ्या तुमची रेती. बंगला बांधा."

जिंकलो!

१७ फेब्रुवारी, सोमवार

जिंकलो कसला. आकडा थोडासाच हलला. डॉक्टर गंभीर. पुन्हा सुई म्हणाले, पुन्हा ही उठली. शेवटी म्हणाले, गोळी तीच ठेवतो, पण आता दोन वेळा, आणि जास्त ताकदीची. पायाकडे बघून मान हलवली.

पानाचं सांगायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण हिने दारातच दटावलं होतं — "तो पाला-बिला काढू नका हं त्यांच्यापुढे! मागे मेथ्या खाते म्हटलं तर अर्धा तास पिसं काढली होती." आणि ते पान म्हणजे काय औषध आहे का? जिभेची गंमत!

औषधवाला गोळ्या पुडीत घालताना म्हणाला, "काका, ही जोरदार आहे. जेवण चुकवू द्यायचं नाही. घाम फुटला, हात थरथरले, काही भलतंच बरळायला लागल्या, तर पहिली साखर तोंडात. मग फोन."

"साखर? तीच तर बंद केलीय!"

"तीच तर गंमत आहे काका. जास्त झाली की सावकाश मारते. कमी झाली की घाईत."

दुकानात हसलो दोघंही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पट्टी बदलायला सिस्टर येतात. आज बोटांचा वास आला. त्यांनी खिडकी उघडली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. सर्जननी ओढलेली ती रेघ डोळ्यांपुढून जात नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा हिची पावलं पाहिली ती ओल्या फरशीवर. पाण्याचे ठसे, पाचही बोटं उमटलेली, एकामागून एक. फरशी वाळली तसे गेले. मी तेव्हा त्यावर कविता केली होती. वाईट होती. पाठ आहे.

काही केलं पाहिजे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पानं उन्हात वाळवली, खलबत्त्यात कुटली. सकाळ-संध्याकाळ चमचाभर पाण्यात उकळून द्यायची. उंदरांचं भलं होतं, तर माणसाचं का नाही? झाडपाल्याने कुणाचं वाईट झालंय!

ही म्हणाली, "विष तर नाही ना देत?"

"दिलं असतं तर इतकी वर्षं थांबलो असतो?"

"आळशी आहात तुम्ही. भरवसा नाही."

प्याली. गटागट.

२३ फेब्रुवारी, रविवार

उतरली! उपाशीपोटीचा आकडा दोनशेच्या खाली! यंत्र दोनदा पुसलं, दुसऱ्या बोटातलं रक्त घेतलं. "माझं रक्त आहे, शाई नाही," ही ओरडली. पण तिनेही आकडा तीनदा वाचला.

घरभर फिरलो. तिसरीच्या वर्गातली एक कविता तोंडात आली — मास्तर टेबलावर छडीने ताल धरायचे आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात ओरडायचो:

उजेडा, हळूच ये रे, थांब जरा दारात,
साखर उरली झोपेची अजून या डोळ्यांत.

कुणाची होती, पुस्तकातही नाव नव्हतं. पुढे तीच कविता माझ्या हाताखालून गेली, नव्या पुस्तकात. जुळाऱ्याने ओळीच्या शेवटी जागा पुरेना म्हणून कवितेखालच्या गोषवाऱ्यात 'साखर-झोप' असं मध्ये रेघ घालून तोडलं होतं. मी ते खपवून घेतलं नाही. अख्खी ओळ पुन्हा जुळवायला लावली. साखरझोप! जोडून. मराठीत यासारखा शब्द नाही. त्यात रेघ? मुख्य तपासनीस म्हणाले, "कवी, पोरं वाचणार आहेत, देव नाही." पण ओळ बदलली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सर्जन खूश! जखमेच्या कडा लाल झाल्यात. लाल म्हणजे जिवंत. शेजारच्या बोटात ऊब आलीय. म्हणाले, "साखर अशीच राहिली तर घोट्याचा विषयच नको. अंगठाही वाचेल कदाचित."

जिन्यात ही म्हणाली, "तुमच्या पाल्याला सांगा, मी नमस्कार सांगितलाय."

घरी आल्यावर वेलीला जरा जास्तच पाणी घातलं.

१ मार्च, शनिवार

हिचं जेवण कमी झालंय. काढा पोटात असला की फळही पुठ्ठ्यासारखं लागतं म्हणते. दोन घास खाते, ताट सरकवते. अंगावरचा ब्लाऊज सैल झालाय. वजन उतरलेलं चांगलंच, डॉक्टर नेहमी सांगतात.

दुपारी एक प्रकार झाला. काढा घेऊन थोडा वेळ झाला होता. ही भाजी निवडत होती. सुरी हातातून पडली. हात थरथरत होते, कपाळ घामाने डबडबलं. औषधवाल्याचं बोलणं आठवलं! धावत जाऊन चमचाभर साखर हिच्या तोंडात घातली.

थुंकली! माझ्या सदऱ्यावर!

"वाळू! वाळू घालताय तोंडात!" कधी न ऐकलेला आवाज. डोळे भलतेच.

"अगं, साखर आहे! गीळ!"

"वाळू!"

मग पाव दुधात बुडवून चमच्याने भरवला. तोंड फिरवत होती. पण चार-सहा घास गेले. थोड्या वेळाने शांत झाली. मला म्हणाली, "सदऱ्यावर काय सांडून घेतलंत? लहान आहात का?"

हसू आलं, तरी पावाचा डबा तिच्या उशाशी आणून ठेवलाय.

२ मार्च, रविवार

चिमीचा फोन. कालचं सांगितलं, पण जरा हलकं करून; उगाच तिकडे काळजी नको. तरी तिने लगेच विचारलं, "बाबा, आईच्या गोळ्या त्याच आहेत ना?"

"त्याच."

"नक्की?"

"अगं, त्याच. पुडीसुद्धा त्याच रंगाची."

"आणि पान जिभेपुरतंच ना?"

ही पलीकडून ओरडली, "तुझ्या उंदरांना माझा आशीर्वाद सांग!" चिमी हसली आणि विषय बदलला.

५ मार्च, बुधवार

आज सकाळी हिला उठवलं तर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, दप्तर कुठंय?"

दादा! तिचा भाऊ. मी कुणाचा तरी दादा झालो! म्हटलं, "दप्तर खुंटीला आहे." तर म्हणाली, "चल ना मग, घंटा होईल." आवाज इतका कोवळा की मला हलवेना. तिच्या शाळेच्या वाटेबद्दल ती कधीच बोलत नाही, आणि आज मी त्या वाटेवर उभा होतो. आपण म्हातारे आतून कसे पानापानांनी उलटे चाळले जातो!

चहा-पाव पोटात गेल्यावर नेहमीसारखी झाली. सांगितलं तर म्हणाली, "तुम्हीच स्वप्नात असाल. मी बरी आहे."

आकडा उत्तम. शंभराच्या आसपास. असा आकडा हिच्या आयुष्यात कितीतरी वर्षांनी आलाय!

८ मार्च, शनिवार

भांडण. ती जेवली नाही. "वाळूच खायची तर नदीवर जाते." मी म्हटलं, पायासाठी खा. म्हणाली, "पाय, पाय! माझ्या पायाशीच लग्न केलंत का?" गोळी मात्र घेतली, काढाही घेतला, न सांगता, माझ्याकडे पाठ करून. पायासाठीच.

उद्या सकाळी तिच्या आवडीचा चहा करायचा, आल्याचा. रुसवा निघेल.

९ मार्च, रविवार

उजाडलं. आल्याचा चहा झाला, पण ही अजून उठली नाही. हिच्या खाटेजवळ बसून लिहितोय. खिडकीतून कोवळं ऊन तिच्या पावलांवर आलंय. पट्टीतून बोटांची टोकं दिसतात, गुलाबी झालीत. बघत बसावं अशी.

ही कधी इतका वेळ झोपत नाही. आयुष्यभर माझ्या आधी उठली. छापखान्याच्या पहिल्या पाळीसाठी डबा, मग चिमीची शाळा, मग स्वतःच्या आईचं आजारपण. साखरझोप तिला ठाऊकच नव्हती. ती नेहमी दुसऱ्यांची मोडायची. आज मात्र लागलीय! कपाळावर, ओठाच्या लवेवर घामाचे बारीक थेंब आहेत, गवतावरच्या दवासारखे. केस ओले होऊन कानशिलाला चिकटलेत. बारीक घोरतेय, मांजरासारखी. कधी घोरत नाही. उद्या चिडवायला हवं!

सकाळचा आकडा घ्यायचाय. पण त्यासाठी बोटात सुई टोचायची, म्हणजे जागी होणार. असू दे. आकडा काय, पळून जातोय? रोज चांगलाच येतोय.

झोपेत तिचं एक बोट मधूनच हलतं. उडाल्यासारखं. दादाचं दप्तर ओढत असेल.

उजेडा, हळूच ये रे, थांब जरा दारात —

हाक मारून बघितली, हळू. कालचा राग असेल तर बोलणार नाही, म्हणून पुन्हा नाही मारली. हात हातात घेतला. गार आहे. पांघरूण नीट केलं.

चहा निवला. तिला उठल्यावर दुसरा करीन. तोवर झोपू दे. किती वर्षांची उरलीय ती —

१३ मार्च, गुरुवार

दवाखाना. व्हरांड्यातल्या बाकावर.

सिस्टर आल्या होत्या त्या दिवशी पट्टी बदलायला. दारातूनच त्यांनी हातातली पिशवी टाकली आणि धावल्या. पापणी वर केली. बोटात सुई टोचली. ही हलली नाही. यंत्रात आकडा आलाच नाही, नुसती अक्षरं आली. वाचता येईना मला. मला!

"केव्हापासून अशा आहेत?"

"साखरझोप आहे," मी म्हणालो. असंच म्हणालो मी.

१४ मार्च, शुक्रवार

साखरेचे डॉक्टर बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. मेंदूला साखरेशिवाय काही चालत नाही, म्हणाले. रात्रीतून ती खाली खाली गेली, आणि मेंदू उपाशी राहिला. फार वेळ. नळीतून साखर दिली, आकडा लगेच वर आला. पण ही नाही आली वर. वाट बघायची.

"मला एक कळत नाही आजोबा. एवढी कशी पडली? जेवल्या नसतील, तरी एवढी? दुसरं काही घेत होत्या का?"

तेव्हा सांगितलं. पान. काढा. वाळू.

त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाले, "मला माहीत असतं तर मी गोळी वाढवली नसती. कमी केली असती."

१६ मार्च, रविवार

चिमी आली. आईजवळ बसली, मग माझ्याजवळ. गोळ्या दोन वेळा झाल्याचं तिला डॉक्टरांनी सांगितलं. ओरडेल वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी विचारलं होतं बाबा, त्याच आहेत का."

"त्याच होत्या गं."

"हो." मग, "दोघंही इन्सुलिनच्या त्याच पेशींना हाकलत होती. गोळी आणि पान. डॉक्टरांना गोळी माहीत होती, मला पान. दोन्ही फक्त तुम्हाला माहीत होतं."

माझा हात धरून बसली होती. म्हणून जास्त लागलं.

मुद्रितं वाचण्यात आयुष्य गेलं. अक्षर चुकलं की मला दिसायचं. शब्द बरोबर असून चुकला, तो दिसला नाही.

साखर-झोप. तो जुळारी बरोबर होता. मध्ये रेघ हवी होती.

१९ मार्च, बुधवार

घरी कपडे घ्यायला आलो होतो. वेल मुळासकट उपटली. कठड्याला धरून बसलेली, सोडेना. बोटं सोलली. खल, भुकटीची डबी, वाळवलेली पानं — सगळं गेलं.

उशाशी पावाचा डबा तसाच. बुरशी आली होती.

३० मार्च, रविवार

डोळे उघडले! चिमी नाचली अक्षरशः. पण ते डोळे छताकडे होते. चिमी समोर गेली तरी छताकडेच. डॉक्टर म्हणाले, उघडणं वेगळं आणि बघणं वेगळं. आशा सोडू नका, पण धरूही नका फार.

धरू नका आणि सोडू नका. मग हाताचं काय करायचं?

८ एप्रिल, मंगळवार

घरी आणलं. नळीने भरवायचं. कूस आम्ही बदलतो. चिमीने रजा वाढवली आहे. मी रोज शेजारी बसून मोठ्याने वाचतो — बातम्या, जाहिराती, काहीही. कविता नाही.

२० एप्रिल, रविवार

सर्जन घरी येऊन गेले. पट्टी सुटली. जखम भरली! तळवा कोवळा, गुलाबी. पाचही बोटं जागेवर. त्यांनी अंगठा दाबला, ऊब पाहिली, माझ्या पाठीवर थाप मारली. "पाऊल वाचवलंत आजोबा! साखर अशी राखलेली मी फार थोड्या घरांत पाहिलीय. आता हळूहळू चालवा त्यांना." मग चादर नीट करायला वर सरकले, आणि त्यांनी पहिल्यांदा हिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

चहा न घेता गेले.

२१ एप्रिल, सोमवार

सिस्टर म्हणाल्या, जिभेवर थोडी चव देऊन बघा, गिळायची शक्ती येते कधीकधी. साखरेचे दोन दाणे ओल्या बोटावर घेतले आणि तिच्या जिभेवर ठेवले. ओठ हलले. इतक्या दिवसांत पहिला शब्द.

"वाळू."

वेल उपटून महिना झालाय.